वारं लागू नये म्हणून

आमच्या मराठवाड्यात माणूस आजारी पडला की त्याला बघायला जातात. औषधाचं काय ते दवाखाना बघेल. बघायला जाणं हे भावकीचं, शेजारपाजाऱ्यांचं, सोयऱ्याधायऱ्यांचं काम. पार्लेचा पुडा किंवा चार मोसंब्या घ्यायच्या, खाटेच्या कडेला टेकायचं, कपाळाला हात लावून ताप बघायचा आणि असाच आजार आपल्या माहितीत कुणाकुणाला झाला होता, त्यातले किती वाचले, याचा हिशेब आजाऱ्यासमोरच मांडायचा. न गेलं तर त्याची नोंद होते. ‘पडून होते तर साधं बघायलासुद्धा आली नाही’ हे वाक्य नांदेडला काय आणि लातूरला काय, पिढी बदलली तरी टिकतं. त्यावरून लग्नाच्या पत्रिका अडलेल्या मी पाहिल्यात. अशा मुलखात कोविडसारखा श्वासातून पसरणारा आजार आला आणि सरकार म्हणालं, जवळ जाऊ नका.

२०२०चं साल इथे उगाळत बसत नाही. एप्रिलच्या आरंभी निलंग्यात थांबलेल्या आंध्रच्या यात्रेकरूंपैकी आठ जण बाधित निघाले, २२ एप्रिलला नांदेडच्या पीरबुऱ्हाणनगरात पहिला रुग्ण सापडला, आणि बघता बघता गल्ल्यांच्या तोंडांना बांबू आणि पत्रे लागले. घरीच थांबायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचे शिक्के मारायला राज्याने मार्चमध्येच सुरुवात केली होती. पुढे घरांवर कागद चिकटले. कागद लागलेल्या घरासमोरून जाताना माणसं रस्त्याची पलीकडची कड धरत, दूधवाला कोपऱ्यावरूनच हाक मारी, आणि आजार गेल्यावरही त्या घराचं नाव ‘ते कागदवालं’ असं राही. शेवटी ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याखेरीज असे कागद लावू नयेत.

मला तेव्हा कडुलिंबाचा डहाळा आठवत होता. लहानपणी गावात कुणाच्या पोराला गोवर किंवा कांजिण्या आल्या की त्या घराच्या दाराला डहाळा लागे. घरात फोडणी बंद, दाढी बंद, पाव्हणा बंद. डहाळा दिसला की आलेली बाई उंबऱ्याबाहेरूनच हात जोडायची आणि मागे फिरायची. घरात देवी आलेली असायची. तिच्यापुढे मान तुकवून परत जाण्यात ना येणाऱ्याला कमीपणा, ना घरच्यांना. गोवर हा हवेतून पसरणाऱ्या आजारांत अत्यंत चिवट, एका पोराकडून आळीतल्या सगळ्या पोरांना जाणारा. तो डहाळा म्हणजे त्या काळाचं घरगुती विलगीकरणच होतं, आणि सरकारी कागदाचंच काम तो करत होता. फरक एवढाच की त्याने कुणाची मान खाली घातली नाही. मात्र आत, आजारी पोराच्या खोलीत, झरोक्याला फडकं कोंबलेलं असायचं. पोराला वारं लागू नये म्हणून.

या फडक्याचं पुढे माझ्या बाबतीत काय झालं ते सांगायचं आहे, आणि ते जानेवारी २०२२चं आहे. तोवर अनेकांना लसीचे दोन डोस मिळाले होते, ओमायक्रॉन आला होता, आणि आजार गल्लीच्या पत्र्यापासून मागे सरकत सरकत घरातल्या एका खोलीपर्यंत आला होता.

त्या वर्षी येळवस २ जानेवारीला होती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी: मार्गशीर्षातली अमावास्या, वेळ अमावास्या, लातूर-धाराशिवकडे आणि आजूबाजूच्या काही तालुक्यांत शेतात जाऊन साजरी होते. त्या दिवशी लातूर शहरात संचारबंदी लागल्यासारखे रस्ते ओस पडतात. शेतात कडब्याची कोप उभी राहते, तीत पांडव मांडतात, पूजा होते, आणि मग जेवण. भज्जी म्हणजे काय हे पुण्याच्या माणसाला समजावणं अवघड आहे. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि मिळेल ती पालेभाजी बेसनात शिजवलेली. सोबत उंडे, बाजरीची भाकरी, गव्हाची खीर, आणि लोट्यांनी आंबील. ओळख असो नसो, बांधावरून जाणाऱ्याला जेवू घालायचंच. औसा तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या शेतात त्या दिवशी किती माणूस जेवलं याचा पत्ता नाही. आम्ही मांडीला मांडी लावून बसलो, एकमेकांच्या ताटातले उंडे उचलले, पोरांनी एकाच लोट्याला तोंड लावून आंबील प्यायली. वर मोकळं आभाळ, अंगावर येणारा वारा, भोवती कमरेपर्यंत आलेली ज्वारी. कुणी खोकलं तरी ते खोकणं क्षणात पार करडईच्या वावरात गेलेलं असे.

नांदेडला परतायला गाडी ठरवली होती. दिवस मावळला तशी थंडी वाजायला लागली, पोरं कुडकुडली, काचा वर गेल्या. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा असा तो रस्ता. अहमदपूरला चहाला थांबलो तेवढीच काय ती मोकळी हवा. मागच्या सीटवर कुणीतरी कोरडं खोकत होतं. कुणाकडून कुणाला लागलं याचा तपास मी केला नाही, त्या दिवसांत त्याला अर्थही नव्हता. पण मला पुष्कळदा वाटतं, शेतातल्या त्या उष्ट्या लोट्यापेक्षा त्या वर गेलेल्या काचांनी आपलं काम जास्त चोख केलं असावं.

घसा आधी धरला, मग अंग मोडून आलं, मग ताप. तपासणीत पॉझिटिव्ह. योगायोग असा की ५ जानेवारीलाच दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाने सौम्य रुग्णांसाठी घरी राहण्याचे नवे नियम काढले होते. तपासणीपासून किमान सात दिवस वेगळं राहायचं, शेवटचे तीन दिवस सलग ताप नसावा, आणि मग बाहेर यायचं. पुन्हा तपासणीची गरज नाही. खोली खेळत्या हवेची हवी, मास्क तीन पदरी हवा, देखभाल करणाऱ्याचं लसीकरण झालेलं हवं. आमच्या घरी गच्चीवर एक खोली आहे, समोरासमोर दोन खिडक्यांची. खाली सासरे, त्यांना दमा. त्यामुळे वर कुणी जायचं आणि किती दिवस, यावर चर्चा झालीच नाही.

माझी खरी चकित होण्याची वेळ आली ती सासूबाईंमुळे. त्यांनी सरकारचा कागद वाचला नव्हता, वाचायला त्यांना चष्मा सापडत नाही. पण मी वर जाऊन गादी अंथरेपर्यंत त्यांनी सगळी मांडामांड पूर्ण केली होती. माझं ताट वेगळं, पेला वेगळा, तांब्या वेगळा. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाट. ताट त्या पाटावर ठेवायचं, चार पायऱ्या खाली उतरायचं, मग हाक मारायची. उष्टं ताट मीच घासायचं आणि उन्हात पालथं घालायचं. कपड्यांची बादली निराळी. कुठे काही अडखळणं नाही. मी वरून विचारलं, “आई, हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?” त्या म्हणाल्या, “सांगायचंय काय त्यात? आमचं अर्धं आयुष्य गेलं की बाजूला बसण्यात.”

कंधारकडच्या ज्या घरात त्या सून म्हणून आल्या तिथे दर महिन्याला बाईला बाजूला बसावं लागे. परसात गोणपाट, वरून वाढलेली भाकरी, वरून ओतलेलं पाणी, धक्का लागला की अंघोळ. ती सगळी कवायत त्यांच्या हातापायांत अजून होती. मला ते बघून हसू आलं, आणि हसू येता येता ते थांबलं.

कारण मांडामांड झाल्यावर खालून पुढची सूचना आली: “आणि त्या दोन्ही खिडक्या लावून घे गं. थंडी लई सुटलीय. वारं लागंल.”

शिवाशिवीचा नियम आमच्या घरांना तोंडपाठ आहे. कुणाला शिवायचं नाही, कशाला शिवायचं नाही, शिवलं तर काय करायचं, हे शाळेत न जाता येतं. श्वासाचा नियम मात्र कुणी शिकवलेला नाही. आणि हा आजार शिवण्यापेक्षा श्वासाचा. बोलताना, खोकताना, नुसतं गाणं गुणगुणतानाही तोंडावाटे बारीक कण बाहेर पडतात. मोठे थेंब थोड्याच अंतरात खाली बसतात, पण अगदी बारीक कण बंद खोलीत कितीतरी वेळ तरंगत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेलाही हे उघडपणे मान्य करायला एप्रिल २०२१ उजाडला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या साथरोग नियंत्रण केंद्राने सांगितलं की वस्तूंना हात लावून हा आजार होण्याची शक्यता दहा हजारात एकाहूनही कमी आहे. म्हणजे मी ताट घासत होते ते वाईट नव्हतंच, पण घर वाचवणार होती ती खिडकी. आणि आम्ही ताटाला तेवढं जपून खिडकी लावून घेत होतो.

खिडकीचं हे वैर तसं फार जुनं. माहेरचं आमचं जुनं घर माळवदाचं होतं. भिंती दगडमातीच्या, दोन दोन हात जाड. वर लाकडी तुळयांवर मातीचा भराव. उन्हाळ्यात आत गार, हिवाळ्यात ऊबदार, आणि उजेड म्हणाल तर झरोक्यातून पडेल तेवढा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात अशी माळवदं किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. जवळपास दहा हजार माणसं गेली, आणि त्यातली कितीतरी त्या दगडमातीखाली. आमच्या गावात भिंती फुटल्या, माणसं वाचली; पण त्यानंतर कित्येक महिने कुणी छपराखाली झोपायला तयार नव्हतं. अंगणात, तंबूत, पत्र्याच्या शेडमध्ये आख्खं गाव उघड्यावर निजायचं. पुढे सिमेंटच्या खोल्या आल्या, त्यांना खिडक्या आल्या. पण नव्या खिडकीला पहिलं काम काय मिळालं, तर बंद राहण्याचं. धूळ येते, डास येतात, वारं लागतं.

सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्या जिना चढून स्वतः खिडकी लावायला आल्या असत्या, आणि तीच तर भीती. नवऱ्याने वेगळी वाट काढली. सकाळी पूजेच्या वेळी म्हणाले, “आई, उदबत्ती देवघरात लावलीस, मग स्वयंपाकघरात वास कसा काय आला?” त्या म्हणाल्या, “दार उघडं असल्यावर येणारच की.” “आणि देवघराची खिडकी उघडली तर?” “मग वास राहतोय कुठं?” “तिचा श्वास तसाच आहे.” सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत म्हणे. मग जेवणाच्या ताटासोबत पाटावर माझा स्वेटर, शाल आणि सासऱ्यांची कानटोपी आली, आणि खालून हुकूम: “हे सगळं घाल, आन् उघड खिडक्या. पण कान झाक.” एवढ्या तोडग्यावर आमचा तह झाला. मी आजही म्हणते, त्या कानटोपीतला फोटो कुणी काढला नाही ते बरं झालं.

माझी एक जुनी मैत्रीण आहे, नांदेडलाच शिकवते, माहेर बिलोलीकडचं. रात्री फोनवर तिला मी ताटाची, पाटाची, वरून ओतलेल्या पाण्याची हकिगत रंगवून सांगितली. ती पोटभर हसली आणि म्हणाली, “बाई, आमच्या आजीला विचारलं असतंस तर तिनं तुला विलगीकरणाची आख्खी पोथी सांगितली असती. हाटेलातला वेगळा कप, विहिरीवरून दूर थांबणं, उंबऱ्याबाहेर टाकलेली भाकरी. तुला निदान कागदावर सात दिवस लिहून दिलेत.” मी यावर काय बोलणार होते? तिच्या आजीला ताप नव्हता, खोकला नव्हता, तिच्यापासून कुणाला काही होणार नव्हतं. आणि त्या अंतराला शेवटची तारीख नव्हती. १४ जानेवारी जवळ आला होता. आमच्याकडे त्या दिवशी संक्रांत असते. तिच्याकडे नामविस्तार दिन. १९९४ साली त्याच तारखेला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, आणि त्यासाठी १९७८पासून नांदेड-परभणीच्या गावागावांत दलित वस्त्या जळाल्या होत्या. पुढे तिच्याशी बोलताना मी ताटाचा विषय काढला नाही, सासूबाईंच्या कानटोपीचा मात्र काढला.

सौम्य आजार ही मोठी अडनिडी अवस्था आहे. ताप दोन-तीन दिवसांत उतरला की माणसाला आपण बरे झालो असं वाटतं, आणि घरच्यांनाही तसंच वाटायला लागतं. खालची कामं दिसू लागतात. गॅसवर दूध उतू गेल्याचा वास वर येतो. आमच्या आळीत त्या महिन्यात ज्या ज्या घरातली बाई आजारी पडली त्या घरातलं विलगीकरण बहुधा कुकरच्या शिट्टीबरोबर संपलं. ‘ताप नाही ना आता, मग टाक दोन भाकरी, तोंडाला बांधून.’ पुरुष आजारी असला तर सात दिवस पूर्ण होत, वर दोन दिवस अशक्तपणाचे. आमच्या घरी नवऱ्याने ज्वारीच्या भाकरीचा जो काही आकार काढला त्याबद्दल बोलणं कृतघ्नपणाचं होईल. पण ज्याला बरं वाटतंय त्यानेच दार लावून बसायचं, हेच तर या आजारातलं खरं पथ्य. औषधं अगदीच मामुली. ताप आला तर पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, झोप. हुलग्याचं माडगं वर आलं, गूळ-सुंठ घातलेलं, वाफाळतं. त्याने विषाणू मरत नाही हे मला ठाऊक आहे, पण दुखऱ्या घशाने जे एकच पोटभर खाल्लं ते माडगंच. भल्या भल्या काढ्यांचे फोन आले, ते ऐकून घेतले.

एक फोन मात्र ऐकून सोडून देण्यासारखा नव्हता. दूरच्या नात्यातल्या एकाने स्टिरॉइडच्या गोळ्यांचं नाव लिहून घ्यायला सांगितलं, ‘लगेच उतार पडतो’ म्हणून. २०२१च्या उन्हाळ्यात हेच झालं होतं. साध्या तापाला लोकांनी मेडिकलवरून ती गोळी आणली, साखर वाढली, आणि त्यामागून काळी बुरशी आली. डोळा, जबडा गेलेली माणसं आमच्या भागाने पाहिली. मे महिन्यात केंद्राला तो आजार नोंद करण्याजोगा ठरवायला राज्यांना सांगावं लागलं. म्हणूनच नव्या कागदात स्पष्ट होतं की सौम्य आजारात स्टिरॉइड नको, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय छातीचा स्कॅन किंवा रक्ताच्या तपासण्याही नकोत. काही न करणं हाच उपचार असतो, हे आपल्या लोकांना पटवणं सगळ्यात कठीण. सलाईन लावल्याशिवाय आजार झाल्यासारखं वाटतच नाही.

करायचं होतं ते लक्ष ठेवायचं. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन एव्हाना घरोघरी थर्मामीटरसारखं झालेलं होतं. एका पहाटे त्यावर ९१ दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. ९३ किंवा त्याखाली आलं की दवाखाना, हे पाठ होतं. डॉक्टरांना फोन लावला. ते झोपेतच म्हणाले, “खिडक्या उघड्या टाकून झोपताय ना? बोटं गार पडली असतील. हात चोळा, जरा वेळाने पुन्हा बघा. नेलपेंट असलं तर काढा.” हात चोळले, शालीत दाबून धरले. ९७. अशा एका आकड्यासाठी तासाभरात तीनदा तरी बघावं लागतं, एकदा नव्हे. श्वास मिनिटाला चोवीसच्या वर गेला, छातीत दाब वाटला, माणूस बोलताना भरकटायला लागला, किंवा शंभराच्या वरचा ताप तीन दिवसांनीही हटेना, तर मग कुणाची वाट बघायची नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने सहा मिनिटं चालण्याची युक्तीही गावोगावी पोचवली होती: मशीन लावून आकडा बघा, सपाट जमिनीवर न थांबता सहा मिनिटं चाला, पुन्हा बघा, तीनहून जास्त घसरला तर डॉक्टर. मी रोज त्या खोलीत चालायचे. खिडकीपासून खिडकीपर्यंत. एकीतून गोदावरीच्या बाजूची झाडं, दुसरीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी. चालता चालता कळलं की सहा मिनिटं हा फार मोठा वेळ आहे.

माझ्याकडे चालायला खोली होती. ही गोष्ट मी उगाच नम्रतेने म्हणत नाही. दोन खोल्यांत सात माणसं राहणाऱ्या घराला खेळत्या हवेची स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र संडास कुठून आणायचा? राज्याची मोहीम होती ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’, १५ सप्टेंबर २०२०पासूनची. आशाताई घरोघर हिंडून ताप आणि ऑक्सिजन बघत होत्या, आणि त्यांचं ते काम मोठंच होतं. पण जबाबदारी कुटुंबाची हे ठीक, खोली कुणाची, हा प्रश्न त्या नावात मावला नाही. तो मान्य झाला मे २०२१मध्ये, जेव्हा राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी अठरा जिल्ह्यांत घरी राहण्याची सवलत बंद करून रुग्णांना कोविड केंद्रात हलवायचं जाहीर केलं. लातूरशेजारचे बीड आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) त्यात होते. लोक चिडले. मला तो निर्णय कठोर पण प्रामाणिक वाटला. निदान घर नावाची वस्तू सगळ्यांकडे सारखी नसते एवढं तरी त्यात कबूल केलेलं होतं.

लातूरला माझा भाचा अशाच एका खोलीत होता. भावाचा मुलगा, बारावीला, नीटच्या तयारीला. ट्यूशन एरियात तिघा जणांत एक खोली. घरमालकांनी विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या या खोल्यांची एकच बाजू मोकळी असते, आणि त्या बाजूला जिना. ३ जानेवारीपासून पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना लस सुरू झाली होती, तीही त्याने लगेच घेतली. दुसऱ्या दिवशी ताप. सगळी खोली म्हणाली, लसीचा ताप आहे. फोनवर त्याचा आवाज ऐकून मी विचारलं, “नाक गळतंय का? घसा?” “हो आत्या, खोकला बी आहे.” लसीने ताप येतो, अंग दुखतं, दंड दुखतो, आणि एक-दोन दिवसांत उतरतं, लसीने नाक गळत नाही आणि खोकला येत नाही. तपासणी केली, निघाला पॉझिटिव्ह. मेसचा डबा दाराबाहेर यायला लागला, पण दाराआत अजून दोघे होतेच, त्यांच्या पुस्तकांसकट.

शेवटी आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवलं, पोराला शेतात आणायचा. एसटीने नाही, भाऊ मोटारसायकलवर गेला, दोघांच्या तोंडाला मास्क, आणि वीसेक किलोमीटर मोकळा वारा. येळवशीची कोप अजून उभी होती, पण थंडीत तिथे झोपायचं नाही, एवढं आण्णांनीही ऐकलं. शेतातल्या पत्र्याच्या खोलीत त्याची खाट टाकली, दार दिवसभर सताड उघडं. दुपारी तो बाजेवर उन्हात बसून जीवशास्त्राचे प्रश्न सोडवायचा. आण्णा दूर बांधावर बसून त्याच्याशी ओरडून बोलायचे; त्यांचं असंही म्हणणं होतं की फोनवर बोललेलं कानाला लागत नाही. रात्री भाऊ अंगणात झोपायचा, दहा पावलांवर, कारण सौम्य म्हटलं तरी आजाऱ्याला एकटं टाकायचं नसतं. गावातल्या आशाताई सकाळी यायच्या, मशीन त्याच्या हातात द्यायच्या आणि पाठ फिरवून उभ्या राहायच्या. शेताचं हे जुनं काम आहे. प्लेगाच्या सालांत अख्खी गावं अशीच वावरात खोपी टाकून राहायला जायची. भाच्याला विचारलं, “कसं वाटायलंय आता?” तर म्हणे, “बरंय आत्या, पण आजोबा फार प्रश्न विचारायलेत. मेसमध्ये शांत होतं.”

माझे सात दिवस संक्रांतीच्या आधीच भरले, ताप त्याच्याही आधी गेला होता. खाली उतरले तरी सासऱ्यांच्या खोलीत काही दिवस मास्क लावूनच गेले. १० जानेवारीपासून आजार असलेल्या साठीपुढच्यांना लसीचा तिसरा डोस सुरू झाला होता. त्यांचा नंबर लागेपर्यंत सासूबाईंनी त्यांच्या खोलीची खिडकी रोज स्वतः उघडली आणि त्यांच्या कानांवरही टोपी चढवली. आता टोप्या दोन झाल्या होत्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू पुढे ढकललं. रथसप्तमीपर्यंत सवड असतेच, आणि ती त्या वर्षी ७ फेब्रुवारीला होती. सासूबाईंनी या वेळी सतरंज्या दिवाणखान्यात न टाकता अंगणात टाकल्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, आत लई कोंदट होतं. आळीतल्या बाया आल्या. मी इतके दिवस वर होते तर कुणाला बघायलाही येता आलं नाही, याची सगळ्यांनी रीतसर खंत केली आणि मग थकलेले सगळे प्रश्न एकदमच विचारून घेतले. त्या सालाला वाण म्हणून दोघी-तिघींनी चक्क मास्क आणले होते, फुलाफुलांच्या कापडाचे, जरीच्या काठाचे. सासूबाईंनी ते घेतले, कपाळाला लावले, शेजारणीच्या हातात तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, “पुढच्या सालाला मात्र डबा द्या गं बायांनो. झाकणाचा.”